ग्लेन्डोचा बोगदा का कोसळला आणि १९२९ चा लोखाबरचा बोगदा अजून का चालतो?

भोगावतीकाठ:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी स्कॉटलंडच्या हायलँड्समधले जलविद्युत बोगदे हा विषय घेतलाय. गाव आमचं राधानगरीकडे. धरणाच्या पायथ्याचं वीजघर लहानपणापासून बघितलंय, पण तिथं पाणी धरणातून उतरतं आणि लगेच टर्बाइनवर जातं. डोंगराच्या पोटातून कित्येक किलोमीटर पाणी नेतात हे वाचलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

अडलंय ते असं. फोर्ट विल्यम गावाजवळ लोखाबरचा बोगदा आहे. लॉख ट्रेग नावाच्या तळ्यातून निघतो, बेन नेव्हिसच्या डोंगरातून २४ किलोमीटर जातो आणि अॅल्युमिनियमच्या कारखान्याच्या वीजघराला पाणी देतो. व्यास साधारण साडेचार मीटर. काम १९२४ ला सुरू झालं, १९२९ ला वीज मिळाली. त्या काळी पाणी नेणाऱ्या जगातल्या सगळ्यात लांब बोगद्यांपैकी हा एक. सगळा सुरुंग लावून खोदलेला, आणि आजही त्यातून पाणी वाहतंय.

दुसरा ग्लेन्डोचा. लॉख नेसच्या दक्षिण टोकाला, फोर्ट ऑगस्टसजवळ. १०० मेगावॅट, पाणी खाली उतरण्याची उंची सुमारे ६०० मीटर, ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त. सहा किलोमीटरहून लांब बोगदा टीबीएमने, म्हणजे बोगदा कापणाऱ्या यंत्राने, कापला. त्या यंत्राला शाळेच्या पोरांनी एलायझा जेन नाव ठेवलं होतं. जून २००९ मध्ये राणीच्या हस्ते उद्घाटन झालं आणि ऑगस्टमध्ये आतला कातळ ढासळून प्रकल्प बंद पडला. परत चालू व्हायला २०१२ चा ऑगस्ट उजाडला.

मला वाटलं पाण्याचा दाब जास्त झाला असेल. पण ढासळला तो वरच्या बाजूचा भाग, जिथे दाब कमी असतो. म्हणून ते कारण मी खोडलं. मग लिहिलं, यंत्राने कापल्यामुळे. तेही पटेना, कारण यंत्र तर कातळाला सुरुंगापेक्षा कमी धक्का देतं. आता वहीत नुसतं प्रश्नचिन्ह आहे. आमचे सर म्हणाले, बोगद्यात प्रत्यक्ष राबलेल्या माणसाला विचार. माझ्या ओळखीत असं कोणी नाही, म्हणून इथे विचारते.

बावड्याचा_पाटील:
ताई, जुन्या लोकांच्या कामात जीव होता. यंत्राला कसली माया? एवढंच कारण आहे.

पहारवाला:
पाटील, तुमच्या भावनेला मान आहे, पण पोरीने कारण विचारलंय, ते तिला मिळायला पाहिजे.

पोरी, तू दाबाचं कारण खोडलंस ते बरोबर केलंस. मी आजऱ्याकडचा. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याला बोगद्यात होतो. आधी हेल्पर, मग ड्रिलर, शेवटी फोरमन. १३ मार्च १९९९ ला शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, तळातून लेक टॅपिंगचा बार उडाला, म्हणजे भरल्या तलावाच्या तळाला बोगद्यातून सुरुंग लावून पाण्याला वाट केली, त्या दिवशी मी साइटवर होतो. स्कॉटलंड मी बघितलेलं नाही. पण कातळ बोलतो कसा ते मला माहीत आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे असं मला वाटतं.

बार उडाला की धूर निघून जाईपर्यंत थांबायचं. मग फेसवर, म्हणजे खोदत असलेल्या तोंडावर, आणि छतावर पाणी मारायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं आता लगेच माल उचलायचा. तसं नसतं. आधी पहार घेऊन छत ठोकायचं. कातळ पक्का असला तर पहार खणखणते आणि मनगटाला झटका परत येतो. मोकळा असला तर बद्द वाजतो, तडकलेल्या मडक्यासारखा, आणि हाताला काहीच परत येत नाही. आमचे मिस्त्री सांगायचे, कान फसेल, मनगट फसत नाही. भोवती कंप्रेसर, पंखा, पंप असा गोंगाट असायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. तरी ते वीस फुटांवरून दुसऱ्याची पहार नुसती बघून सांगायचे, "तिथं पाड." पाडला की हमखास ढलपी निघायची.

एकदा हे ठोकणं अर्ध्यावर सोडायला लावलं. शिफ्ट संपत आलेली, वरून घाई, लोडर आत घातला. परातीएवढी ढलपी माझ्या डाव्या खांद्याला खरवडत खाली आली. तो हात अजून पूर्ण वर जात नाही. गाऱ्हाणं म्हणून हे सांगत नाही. ठोकणं ही नुसती रीत नव्हे, तीच बोगद्याची तपासणी आहे, एवढं तुला कळावं म्हणून सांगतो.

आता यंत्राकडे ये. सुरुंगाच्या बोगद्यात प्रत्येक बाराला कातळ हादरतो. जो कच्चा असेल तो तिथंच, त्याच दिवशी खाली येतो. कच्ची जागा स्वतःच दाखवून देते. भिंत वेडीवाकडी होते, खर्च वाढतो, माणसाच्या जिवाला धोका होतो, हे सगळं खरं. पण कच्चं काय ते लपून राहत नाही. टीबीएम कातळ दाबून, खरवडून गोल कापतं. भिंत गुळगुळीत निघते. चांगल्या कातळात याच्यासारखं काम नाही, भिंत दुखावतच नाही. पण मधे कच्चा पट्टा आला तर तोही तसाच गोल आणि साफ कापला जातो, आणि कोरडा असेपर्यंत उभा राहतो. त्याला हादरवून पाडणारं कोणी नाही. बघणाऱ्याला वाटतं, उभा आहे म्हणजे पक्का आहे. म्हणून यंत्राच्या बोगद्यात जिऑलॉजिस्टचं काम वाढतं, कमी होत नाही. मीटरमीटरला उभं राहून ठरवायचं की इथं नुसता कातळ ठेवायचा, इथं रॉक बोल्ट, म्हणजे कातळ बांधून ठेवणाऱ्या लोखंडी सळ्या, मारायचे, इथं जाळी आणि शॉटक्रीट, म्हणजे फवारून चढवलेलं काँक्रीट, आणि इथं पूर्ण काँक्रीटचं अस्तर. सगळ्या बोगद्याला अस्तर करत बसलं तर प्रकल्प परवडत नाही. नॉर्वेत तर मैलोनमैल उघड्या कातळातून पाणी जातं. उघडं ठेवणं चूक नाही. कुठला तुकडा उघडा ठेवायचा यात सगळं आहे.

आणि आता पाणी. तू दाबाचा विचार केलास, मी ओलाव्याचा करतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबडा पट्टा असतो. इंजिनिअर त्याला रेड बोल म्हणतात, आम्ही नुसतं बोल म्हणायचो. घाटात रस्ता कापलाय तिथं बघ, गेरू फासल्यासारखी आडवी पट्टी दिसेल. बोगद्यात तो ताजा उघडा पडला की पहार मारली तरी दगडासारखा वाटतो. एकदा एका एडिटमधला, म्हणजे मुख्य बोगद्याकडे जाणाऱ्या आडव्या बोगद्यातला, मुठीएवढा तुकडा मी खोलीवर नेला आणि पितळेच्या तांब्यात पाण्यात टाकला. आधी बुडबुडे आले. मग कडा सुटायला लागल्या, पापुद्रे गळाल्यासारख्या. चहा उकळून, गाळून, पिऊन होईतो तांब्याच्या बुडाला नुसता लाल चिखल होता. दुसऱ्या दिवशी तो तांब्या मिस्त्रींना दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण त्या पट्ट्यावर दुपारीच शॉटक्रीट चढलं.

बोगदा बांधताना पंप लावून कोरडा ठेवतात. खरी परीक्षा पाणी सोडल्यावर. पाणी फटीत शिरतं, कच्चा माल भिजतो, धुऊन जातो, मधला आधार गेला की वरचा पक्का दगडही खाली येतो. शिवाय दुरुस्तीला बोगदा रिकामा केला की आतला दाब जातो आणि कातळात मुरलेलं पाणी बाहेरून आत ढकलतं. म्हणून रिकामा करताना घाई करत नाहीत. पाणी भरलेलं असताना आत जाऊन पहार मारता येत नाही. जे ठोकायचं ते आधीच ठोकून घ्यावं लागतं.

ग्लेन्डोला त्यांनी दुरुस्ती केली तीही ध्यानात घे. ढासळलेला ढीग उकरत बसले नाहीत. तेवढा तुकडा सोडून बाजूने वळसा घालणारा नवा बोगदा काढला. जखमी कातळात परत हात घालायचा नाही, हे शहाणपण आहे.

खडकपाहणी:
मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात भूगर्भशास्त्र शिकवते. काकांनी तांब्याचं जे सांगितलं ते माझ्या विद्यार्थ्यांना मी आता दरवर्षी सांगणार आहे. दोन गोष्टी जोडते, सेमिनारला लागतील.

पहिली. स्कॉटलंडच्या त्या भागात लाव्ह्याचे थर आणि बोल नाहीत. ग्लेन्डोचा कातळ मुख्यतः शिस्ट जातीचा आहे, म्हणजे जुन्या गाळाच्या खडकाला प्रचंड दाबाने आणि उष्णतेने पापुद्रे पडलेला, अभ्रकाने चमकणारा. कोसळलेली जागा कोनाग्लेन नावाच्या प्रस्तरभंगाच्या पट्ट्यात होती. प्रस्तरभंग म्हणजे जिथे कातळाचे दोन भाग एकमेकांवर सरकले, आणि सरकताना मधला खडक भरडला गेला. भरडलेला खडक झिजणारा असतो, पाण्याच्या प्रवाहात कण कण सुटून जातो. खनिज वेगळं, कारण वेगळं, पण काकांनी जे सांगितलं तेच घडलं: कोरडा असताना उभा, पाण्याखाली टिकला नाही. 'झिजणारा खडक' हा शब्द तू वापर, 'कमकुवत खडक' एवढ्यावर थांबू नकोस. कमकुवत खडकही चांगला आधार दिला तर टिकतो. झिजणाऱ्याला आधी झाकावंच लागतं.

दुसरी. हा वाद कोर्टात गेला आणि अभियंत्यांनी तो वाचण्यासारखा आहे. २०१६ मध्ये खालच्या कोर्टाने बांधणाऱ्यांची बाजू घेतली, त्यांनी योग्य ती काळजी घेतली होती असं मानून. २०१८ मध्ये अपिलात बहुमताने निकाल फिरला आणि जबाबदारी बांधणाऱ्यांवर आली. म्हणजे बोगद्याच्या भिंतीकडे बघून आधार द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या त्या क्षणावर न्यायाधीशांमध्येही मतभेद झाले. एवढं ते अवघड आहे.

आणि एक सावधगिरी. लोखाबर टिकला म्हणून जुनी पद्धत श्रेष्ठ, असं सेमिनारमध्ये लिहू नकोस. टिकलेले बोगदे आपल्याला दिसतात, खोदताना आत राहिलेली माणसं दिसत नाहीत. ग्रॅनाइट आणि शिस्टमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, भरपूर असतो. त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. आपल्या बेसाल्टमध्ये मोकळा क्वार्ट्झ फार कमी, त्या बाबतीत कोयनेचे कामगार थोडे सुदैवी. कोरडं ड्रिलिंग करणाऱ्या जुन्या पिढ्यांनी जगभर याची किंमत दिली आहे.

क्लाइडकाठची_नर्स:
मी मूळची इचलकरंजीची, गेली काही वर्षं ग्लासगोमध्ये नर्स आहे. बाईंनी माणसांचा विषय काढला म्हणून लिहिते.

इथून उत्तरेला लॉख ऑ नावाच्या तळ्याकाठी क्रूअखन नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटात वीजघर आहे, १९६५ मध्ये सुरू झालेलं. रात्री मागणी कमी असते तेव्हा खालच्या तळ्यातलं पाणी डोंगरावरच्या तलावात चढवतात आणि गरज पडली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. त्याच टर्बाइन उलट्या फिरून पंप होतात. मी माझ्या आईला घेऊन गेले होते. बसने एक किलोमीटर आत नेतात. बाहेर थंडीने हात गारठले होते आणि आत गेल्यावर स्वेटर काढावा लागला. बोगद्याच्या भिंतीला दिव्यांखाली हिरवी झाडं लावली आहेत, उष्ण प्रदेशातली. ती तिथे जोमाने वाढतात. आई म्हणाली, आपल्याकडच्या पावसाळ्यासारखा वास येतोय. खरंच येत होता.

यंत्रांचं दालन ९१ मीटर लांब आणि ३६ मीटर उंच. काचेमागून बघायचं. पण आई तिथल्या भिंतीवरच्या लाकडी शिल्पासमोर जास्त वेळ थांबली. एलिझाबेथ फाल्कनर या शिल्पकार बाईंनी केलेलं आहे, हे काम करताना गेलेल्या १५ जणांच्या आठवणीसाठी. या डोंगराची एक जुनी कथाही तिथे सांगितली. वर एक म्हातारी राहायची. रोज सूर्य बुडताना विहिरीवर शिळा सरकवून ठेवायचं तिचं काम. एका संध्याकाळी दमून तिचा डोळा लागला, विहीर रात्रभर वाहिली आणि खालचं खोरं बुडून लॉख ऑ झालं.

त्या काळातल्या बोगदेवाल्यांना इथे टनेल टायगर्स म्हणतात. आयर्लंडच्या डोनेगलमधून आलेले पुष्कळ, पोलंडचेही. १९५५ मध्ये ब्रेडलबेन प्रकल्पात सेंट फिलन्सला त्यांनी सात दिवसांत ५५७ फूट बोगदा खोदला, तेव्हाचा जागतिक विक्रम. म्हणजे दिवसाला सरासरी २४ मीटर. पहारवाले काका, तुम्ही सांगा, एवढ्या वेगात पहार मारायला वेळ मिळत असेल का?

पहारवाला:
ताई, १५ नावांसाठी भिंत ठेवली हे वाचून बरं वाटलं. अशी भिंत प्रत्येक बोगद्याला असावी असं मला मनापासून वाटतं. आमचे मिस्त्री गेले तेव्हा चार ओळखीचे सोडले तर कोणाला कळलं नाही.

२४ मीटर म्हणजे लई वेग. आमच्याकडे दिवसाला सहा-सात मीटर गेला तरी चांगला दिवस धरायचो. कातळ एकसारखा आणि पक्का असल्याशिवाय असं होणार नाही. माणसंही तशीच तयार लागतात, एकाचा हात थांबायच्या आत दुसऱ्याचा सुरू. पहार मारायला वेळ मिळत होता का ते तिथं उभा असलेलाच सांगेल.

भोगावतीकाठ:
काका, बाई, ताई, तिघांचेही मनापासून आभार. वहीतलं प्रश्नचिन्ह गेलं. सेमिनारचा मथळाच बदललाय: 'कोरड्या बोगद्यात पक्का वाटणारा खडक'. पाटील दादा, तुमचंही वाक्य मी घेतलंय, प्रश्न म्हणून.

रविवारी भावाला घेऊन घाटात गेले. काका म्हणाले तशी तांबडी पट्टी सापडली, पाठीएवढ्या उंचीवर. रस्त्याच्या कडेला सुटून पडलेले दोन तुकडे आणले. दोन्ही दिसायला सारखे. घरी आजीच्या तांब्यात एक आणि स्टीलच्या पातेल्यात एक टाकला. तांब्यातल्याला लगेच बुडबुडे आले, वीस मिनिटांत कडा गळल्या, तासाभरात चिखल. पातेल्यातला मात्र रात्रभर तसाच. सकाळी काढून हातोडी मारली तर खणखणला. मग हा बोल नाही का? की मी चुकीचा तुकडा उचलला?

पहारवाला:
चुकीचा नाही. तोच महत्त्वाचा. एकाच पट्ट्यात हातभर अंतरावर कातळ बदलतो. पहिल्या तुकड्याने कोणी फसत नाही, दुसऱ्याने सगळे फसतात. टाकून देऊ नको. उन्हात कडकडीत वाळव, परत पाण्यात घाल, परत वाळव. बोगदा तरी कुठे कायम भरलेला असतो? दुरुस्तीला रिकामा करतात, वाळतो, परत भरतात. वजन करून लिहून ठेव, दर वेळी.

खडकपाहणी:
काका सांगतात तीच प्रयोगशाळेतली भिजवण-वाळवणीची चाचणी आहे. घरचा काटा चालेल. तारीख, वजन आणि किती वेळ उन्हात ठेवला ते लिही. पातेल्याच्या तळाला साचलेला गाळही वाळवून वेगळा तोल.

भोगावतीकाठ:
आठ दिवसांनी लिहितेय. पहिल्या फेरीत वजन जवळजवळ तेवढंच. दुसऱ्या फेरीत पाणी जरा तांबूस झालं, तुकड्यावर केसाएवढी एक चीर दिसली. आज सकाळी तिसऱ्यांदा पाण्यात घातला आणि कॉलेजला जायची तयारी करत होते. आजीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, तुझा दगड वाजला बघ." जाऊन बघितलं तर चिरेवरून दोन भाग झाले होते आणि मधून लाल पाणी येत होतं.